मागितले एक, दिले दुसरे
(कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र)

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. जिजाबाई झाल्या, अहल्याबाई झाल्या, झाशीची राणी तर दोनदा झाली. यंदा चिटणीसबाईंनी हे काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा मी कै. रमाबाई रानडे यांचे नाव सुचविले. कुणीतरी लगेच म्हणाले, त्यांची तर मालिकाच होऊन गेली की! खरे आहे. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ लागली की आपल्या आळीतल्या घराघरांतून तीच ऐकू येई, आणि हातात पाटी घेतलेली ती लहानगी यमुना आपल्या सर्वांच्याच डोळ्यांपुढे आहे. मला मात्र सांगायचे आहे ते मुख्यतः पाटीच्या पुढचे. रमाबाईंच्या आयुष्याचा विचार करताना मला नेहमी वाटते, की ह्या बाईने देवाजवळ एक मागितले, देवाने हातावर दुसरेच ठेवले. आणि ते दुसरे बाईने कपाळाला लावून घेतले. ते तिने कसे घेतले एवढेच मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहिणार आहे.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, सातारकडच्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी आणि जुन्या वळणाचे. मुलींनी अक्षर शिकण्याची चाल त्या घरात नव्हती, त्यामुळे बारावे वर्ष सरत आले तरी यमुनेला वाचता येत नव्हते. पोथ्यापुराणांतल्या गोष्टी ऐकाव्यात, देवाला फुले वाहावीत, चांगला नवरा मिळावा म्हणून नमस्कार घालावेत, एवढेच त्या वयाच्या मुलीचे जग.

नवरा मिळाला तो मात्र साधासुधा नव्हे. माधवराव रानडे त्या वेळी पुण्यास न्यायखात्यात होते. वय एकतीस. १८७३ च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली पत्नी वारली. माधवराव विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. तेव्हा आता ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील, अशी मित्रांची खात्री होती आणि वडिलांना तीच धास्ती होती. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते. त्यांनी घाई केली. वराच्या शोधात आलेल्या कुर्लेकरांशी बोलणे लावून मोकळे झाले. माधवरावांनी वडिलांची विनवणी केली, मुदत मागितली. पुढे कुर्लेकर भेटायला आले तेव्हा, मी सुधारक आहे, विधवाविवाहाचा कैवारी आहे, उद्या विलायतेला गेलो तर परतल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, असे सगळे त्यांना स्वच्छ सांगून टाकले. मुलीच्या बापाने आपण होऊन माघार घ्यावी एवढीच आशा. पण तेही बधले नाहीत. डिसेंबर १८७३ मध्ये लग्न लागले, आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता अकरा वर्षांच्या कुमारिकेचा पती झाला. समाजात पुष्कळ हसे झाले. ते त्यांनी निमूटपणे सोसले.

इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे. माधवरावांच्या ह्या वागण्याला कोणी पितृभक्ती म्हणतात, कोणी दुबळेपणा म्हणतात. माझे मत विचाराल तर, बापाचा हट्ट हा काही देवाचा संकेत नव्हे. तो मानला म्हणून माधवरावांचे कौतुक करायला मी तयार नाही. एखाद्या विधवेचे आयुष्य त्या वेळी उजळले असते ते राहून गेले, हे खरेच. पण मनाविरुद्ध झालेल्या लग्नाचा राग त्यांनी त्या पोरीवर काढला नाही, ह्याचे मोल मला फार वाटते. मनासारखी सून आली नाही, मनासारखा जावई मिळाला नाही, म्हणून आयुष्यभर घरात धुसफुसणारी माणसे आपण पाहतो. माधवरावांनी लवकरच यमुनेच्या, म्हणजे आता रमाबाईंच्या, हाती पाटी दिली आणि स्वतः अक्षरे गिरवून घेतली.

पुढची काही वर्षे रमाबाईंची खरी कसोटी. दिवाणखान्यात पती शिकवायचा आणि माजघरात सगळ्या वडीलधाऱ्या बायका त्या शिकण्यावर डोळा ठेवून. त्यात माधवरावांची बहीण दुर्गा होती. अकाली विधवा झालेली, भावाच्या घरी आयुष्य काढणारी. ह्या वन्संच्या टोमण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि मालिकेतही आपण ते पाहिले. मला मात्र त्या बाईचा राग येत नाही. जिच्या ताटातले सगळे काढून घेतले गेले, तिच्यासमोर धाकटी भावजय पुस्तक घेऊन बसली, तर तिच्या जिवाची काय तगमग होत असेल! रमाबाईंनी उलट उत्तर करायचे नाही, असा पतीचाही उपदेश होता. त्या काम उरकून, वेळ चोरून वाचीत. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि आमच्या रमाबाई त्या सभांना जाऊ लागल्या, तसा घरातला अबोला वाढला. १८८४ साली मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात खटपट झाली. आपली हुजूरपागेची शाळा ती हीच. त्या वेळी रमाबाईंनी भरसभेत इंग्रजी निवेदन वाचले. सभेत टाळ्या मिळाल्या. घरी काय मिळाले असेल ते सासुरवास केलेल्या भगिनींना सांगायला नको.

माधवरावांच्या नोकरीमुळे नाशिक झाले, धुळे झाले, कलकत्ता झाले. कलकत्त्याला दोघांनी बंगाली शिकून घेतले. १८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. पोटी मूल नव्हते. पण दीर, नणंदा, भाचरे, शिकायला राहिलेली मुले ह्यांनी घर भरलेले असे. माधवराव पहाटे उठून अंथरुणातच तुकोबा-नामदेवांचे अभंग म्हणत आणि म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून येत, असे रमाबाईंनी नोंदवून ठेवले आहे. देवाच्या इच्छेपुढे मान तुकविणे म्हणजे काय, हे रमाबाई शिकल्या असतील तर त्या पहाटेच्या अभंगांतून, कुठल्या व्याख्यानातून नव्हे. दृष्टी अधू असलेल्या पतीला रात्री वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवावीत, त्यांच्या औषधपाण्याची वेळ सांभाळावी, मधून बायकांच्या सभेला जावे, असा त्यांचा दिवस जाई. स्वतःचे वेगळे काही कार्य असावे अशी हौस त्या सबंध काळात कुठे दिसत नाही. त्या काळच्या कुठल्याही सुवासिनीचे मागणे असे तेच त्यांचेही: ह्यांच्या आधी मला ने.

१९०० च्या डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद भरायची होती. माधवराव ह्या परिषदेचे प्राण. एकही वर्ष चुकवायचे नाहीत. पण हृदयविकार बळावला आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. गोखल्यांना आपल्या जागी पाठवावे लागले, ह्याचे त्यांना फार लागले. त्यानंतर तीन आठवडेही गेले नाहीत. १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री मुंबईच्या घरी त्यांचे प्राण गेले. रमाबाईंना एकोणचाळिसावे पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते.

वडाला फेऱ्या घालताना आपण काय मागतो ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून इथे मी अधिक लिहीत नाही.

त्या पुण्यास परत आल्या आणि फुले मंडईजवळच्या आपल्या वाड्यात राहू लागल्या. वर्षभर कुठे गेल्या नाहीत, कुणात मिसळल्या नाहीत. आता पुस्तक नाही, सभा नाही. पतीचे स्मरण करावे आणि उरलेले दिवस देवापाशी काढावेत. ह्यात गैर ते काय? लोकांनी त्यांना त्यासाठी नावे ठेवली नसती, उलट वाखाणलेच असते. न्यायमूर्तींची विधवा म्हणून मान होता, खायची ददात नव्हती. हेही एक मागणेच होते, आणि पहिल्यापेक्षा पुष्कळच लहान. गंमत अशी, की देवाने तेही पुरविले नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांकडे त्या जाऊ लागल्या. सुधारगृहातल्या मुलांना सणासुदीला खाऊ नेऊ लागल्या. इस्पितळातल्या रोग्यांना फळे, फुले, वाचायला पुस्तके द्यावीत, चार शब्द बोलावेत. ह्याला कोणी समाजकार्य म्हणाले नसेल. पण घराचा उंबरा ओलांडला तो असा. १९०४ साली मुंबईस स्त्रियांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदी त्यांना बसविण्यात आले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल ह्या दोघांनी मुंबईत सेवासदन काढायचे ठरविले. एक पारशी, दुसरे सिंधी. आणि त्यांनी अध्यक्षपदासाठी दार ठोठावले ते पुण्याच्या ह्या विधवा बाईंचे. रमाबाईंनी होकार दिला. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचे सेवासदन निघाले. ते कुठल्या भाड्याच्या जागेत नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या वाड्यात. जिथे एकांतात दिवस काढायचे मनात होते तिथेच दुपारी बायकांची वर्दळ सुरू झाली. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते; संस्थेची धावपळ आणि व्यवस्था त्यांनी उचलली, आणि वडीलपणाचा हात रमाबाईंचा.

लिहिणे, वाचणे, शिवण, प्रथमोपचार असे वर्ग असत. घरचे काम आवरल्यावर बाईला जी काय उसंत मिळते तीत ते भरत. आपल्या मंडळाचा शिवणवर्गही दुपारीच भरतो, आणि ही वेळ कोणी ठरविली असे नव्या मुली विचारतात. ज्यांनी कोणी ठरविली त्यांना चूल ठाऊक होती, एवढे खरे! हळूहळू शिक्षिका तयार करणारे विद्यालय झाले, वसतिगृहे झाली. आणि एक काम झाले ते मला सगळ्यांत धाडसाचे वाटते. ससून इस्पितळात परिचारिका म्हणून शिकायला सेवासदनाने मुली पाठविल्या.

आज आपल्या नात्यागोत्यात एकतरी परिचारिका असते, तेव्हा ह्यात काय मोठे, असे वाटेल. पण त्या काळचे पुणे डोळ्यांपुढे आणा. कुठल्या जातीचा, कुठल्या रोगाचा माणूस, त्याला हात लावायचा, त्याची मलमूत्र काढायची, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे! चांगल्या घरची म्हणविणारी बाई असल्या कामाला जाणार हीच कल्पना सहन होत नसे. त्यात जाणाऱ्या पुष्कळजणी विधवा. ज्यांनी घराच्या कोपऱ्यात जप करीत बसावे अशी रीत, त्या. मग घरच्यांनी त्यांना पाठविले तरी कसे? ह्याचे उत्तर मला तरी एकच दिसते. दाराशी रमाबाई उभ्या होत्या. साधे लुगडे, डोक्यावरून पदर, पूजाअर्चा करणारी, कुणाला टाकून न बोलणारी बाई. तीस वर्षांपूर्वी माजघरातल्या बायकांचे सगळे बोलणे गिळून जी त्यांच्यातच राहिली, तिला माजघराची भाषा येत होती. पुण्यातल्या सासवांनी वर्तमानपत्रातल्या सुधारकावर विश्वास ठेवला नसता. ह्या बाईवर ठेवला. ज्या वैधव्याने त्यांचे मागणे मोडले, त्याच वैधव्यामुळे त्या दुसऱ्या विधवांच्या घरात जाऊन बसू शकल्या. सुवासिनी रमाबाईंना ते जमले असते का, ह्याविषयी मला शंका आहे.

आपल्याकडे देवाची इच्छा ह्या दोन शब्दांचा फार गैरवापर होतो, म्हणून हेही लिहिते. पती गेला, ही देवाची इच्छा म्हणून रमाबाईंनी मान खाली घातली. पण विधवेने निरुपयोगी होऊन बसावे, ही काही देवाची इच्छा नव्हती. ती माणसांची रीत. एक मानले आणि दुसरे मानले नाही. पुन्हा, मानले नाही म्हणून आरडाओरडा केला नाही. दुपारचा वर्ग सुरू केला. दुर्गावन्संसारखी किती आयुष्ये कोपऱ्यात जळून गेली, ते त्यांनी जन्मभर जवळून पाहिले होते. सेवासदनाच्या पायरीवर येणाऱ्या प्रत्येक बाईत त्यांना वन्सं दिसत असतील असे मला आपले वाटते. हा माझा तर्क, इतिहास नव्हे.

शेवटच्या वर्षांत तर काम आणखी वाढले. पुण्याच्या नगरपालिकेने शिक्षण सक्तीचे करताना मुलींना वगळू नये म्हणून बायकांच्या सभा झाल्या, त्यांत रमाबाई पुढे होत्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा ह्या मागणीच्याही त्या अग्रणी होत्या, आणि १९२१ साली मुंबईच्या कौन्सिलने तो मान्य केला. मालमत्तेच्या अटीमुळे तो सगळ्या बायकांना मिळाला नाही, तरी दार उघडले. एकदा वाचायला बसले म्हणून बोलणी खाणाऱ्या सुनेचा हा पल्ला! १९२४ साली त्यांचा अंत झाला, तेव्हा सेवासदनात शेकडो स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली, जन्मशताब्दीच्या वेळी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मुंबईची आणि पुण्याची सेवासदने आजही चालू आहेत.

आता त्यांच्या पुस्तकाविषयी लिहून पुरे करते. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, प्रस्तावना गोखल्यांची. मराठीतल्या आरंभीच्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि आपल्या कपाटातही त्याची एक जुनी प्रत आहे. ते मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. पुस्तकात लग्न आहे, पाटी आहे, माजघरातले टोमणे आहेत, नाशिक आहे, कलकत्ता आहे, पतीचे पहाटेचे अभंग आहेत, आणि शेवटी ते शेवटचे आजारपण. १९०१ च्या जानेवारीपाशी पुस्तक संपते. ते छापून आले तेव्हा पुण्याच्या सेवासदनाला वर्ष होत आले होते. मुंबईच्या सेवासदनाला दोन वर्षे झाली होती. तुरुंगाच्या फेऱ्या, परिषदेचे अध्यक्षपद, सगळे घडून गेलेले होते. त्यांतले पुस्तकात काही नाही. त्यानंतरही त्या चौदा वर्षे जगल्या, त्या चौदा वर्षांत सगळ्यांत मोठे काम केले, पण त्या कामाचे पुस्तक त्यांनी लिहिले नाही. कपाटातली प्रत हवी असल्यास ग्रंथपालबाईंकडे नाव नोंदवावे. पाने सुटी झाली आहेत, तेव्हा जपून हाताळावी.